चालते यंत्र मोडीत का काढायचे?

यंत्र चालते आहे, पण बाद झाले आहे, असे वाक्य आपल्या आजोबांच्या कानी पडले असते तर त्यांनी बोलणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. त्यांच्या हिशेबात यंत्राच्या दोनच अवस्था होत्या. एक चालते, दुसरी बिघडलेले. बिघडले तर दुरुस्त करायचे, दुरुस्त होत नसेल तर त्याचे सुटे भाग दुसऱ्या यंत्राला लावायचे. आईचे शिलाई मशीन लेकीकडे जायचे, तिथून नातीकडे. वडिलांच्या सायकलवर मुलगा शाळेत जायचा आणि धाकट्याच्या वेळेपर्यंत तिची गादी तेवढी बदललेली असायची. चालत्या वस्तूला 'बाद' म्हणण्याचा अधिकार फक्त ती वापरणाऱ्याला होता. बनवणाऱ्याला नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातल्या कोट्यवधी संगणकांच्या वाट्याला ही तिसरी अवस्था आली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल त्या दिवशी थांबवली. संगणक बंद पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्यावर ते नेहमीसारखेच सुरू झाले. पण प्रणालीत नव्याने सापडणारी भोके बुजवण्याचे काम कंपनीने सोडून दिले. जे स्वतः नोंदणी करतील त्यांना आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मुदतवाढ ठेवली. बाकीच्यांनी 'विंडोज ११' घ्यावे, असा सल्ला दिला.

सल्ला ठीक होता, पण त्यात एक मेख होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली ही ११ नंबरची प्रणाली कोणत्याही संगणकावर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सोय लागते. संगणकाच्या पोटात बसवलेली ती गुप्त चाव्यांची छोटीशी तिजोरीच समजा. शिवाय प्रोसेसरही ठरावीक पिढीचा लागतो. ढोबळमानाने सांगायचे तर २०१७-१८ च्या आधीचे बहुतेक संगणक या परीक्षेत नापास होतात. कंपनी सांगते की हे सुरक्षेसाठी आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण परिणाम पाहा. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. यंत्रे धडधाकट, पण पुढच्या वर्गात प्रवेश नाही!

हा प्रश्न मुंबई-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींचा आहे, असे कुणाला वाटेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. त्या इमारतींना या तारखेने फारसा त्रास दिलेला नाही. त्यांनी नवे संगणक घेतले आणि जुने विकून टाकले. प्रश्न आहे तो ते विकलेले संगणक जिथे येऊन पोचतात त्या गावांचा. म्हणजे आपल्या गोंदियाचा, तिरोड्याचा, आमगावचा, देवरीचा, अर्जुनी-मोरगावचा.

मी उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या संध्याकाळी, पण पोट भरले ते लेजरवर. त्यामुळे जुन्या संगणकाचा हा प्रवास मला आधी हिशेबाच्या वहीत दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांना संगणकावर वर्षाला ३३.३३ टक्के घसारा धरावा लागतो. तीन वर्षे झाली की पुस्तकात त्याची किंमत शून्य; नोंद राहावी म्हणून फार तर नाममात्र १ रुपया. टेबलावर मात्र तो संगणक व्यवस्थित चाललेला असतो, कॅशियर त्यावर नोटांचा हिशेब लावत असतो. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी असे संगणक घाऊक भावाने काढून टाकतात. मग ते दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारांतून फिरत फिरत नागपूरच्या बर्डीवर येतात आणि तिथून रेल्वेने किंवा एसटीने गोंदियाच्या दुकानात. गिऱ्हाईक कोण? राईस मिलचा मुनीम. झेरॉक्सवाला. तलाठी परीक्षेची तयारी करणारा मुलगा. बीडी-तेंदूपत्त्याच्या हंगामातून चार पैसे मागे टाकून मुलीला 'काँप्युटर' घेऊन देणारी आई. नवा संगणक ज्यांच्या ऐपतीबाहेर आहे, त्यांच्या घरात ज्ञानाची पहिली खिडकी उघडते ती या शून्य किमतीच्या यंत्राने.

आणि त्याच खिडकीला आता कडी नाही, असे सांगण्यात येत आहे.

दुकानदार यावर काय करतो, ते आपण सारेच जाणतो. तो म्हणतो, 'चिंता करू नका साहेब, विंडोज मारून देतो.' या 'मारून देतो'मध्ये बरेच काही येते. जुनी, देखभाल संपलेली प्रणाली बसवून देतो. किंवा चोरीची प्रत कुठल्याशा 'क्रॅक'ने उघडून बसवून देतो. किंवा अपात्र संगणकावर ११ नंबरची प्रणाली आडवाटेने घुसवून देतो, तीही पुढे नीट चालेल याची हमी न देता. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला विंडोज हवे असते, पैसे मोजायचे नसतात, आणि दुसरा पर्याय असतो हे दोघांनाही कुणी सांगितलेले नसते.

पण ही सोय महाग पडते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. संगणकातल्या फायलींना कुलूप लागायचे आणि पडद्यावर खंडणीची मागणी यायची. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांमध्ये शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. हे भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, किंवा ज्यांची प्रणाली इतकी जुनी होती की तिच्यासाठी दुरुस्ती निघणेच बंद झाले होते, ते सापडले. आपल्याकडे याच धास्तीने रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये सगळ्या बँकांना बजावले की एटीएममधल्या जुन्या प्रणाली टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदला. तोवर देशातली कितीतरी एटीएम 'विंडोज एक्सपी'वर चालत होती, जिची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच संपली होती. बँकेच्या एटीएमला जो नियम, तो घरातल्या संगणकाला का नको? शेवटी त्याच संगणकावर पेन्शनचे खाते उघडले जाते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, मुलीच्या आधार कार्डाची प्रत साठवली जाते.

मग करायचे काय? यंत्र तेच ठेवून प्रणाली बदलायची.

ऑपरेटिंग सिस्टिम किंवा प्रणाली म्हणजे काय, हे बँकेच्या भाषेत सांगतो. शाखेत तिजोरी असते, काउंटर असतात, कारकून असतात, गिऱ्हाईक असतात. पण कोणते काम कुणाकडे जाईल, तिजोरीची चावी कुणाला मिळेल, रांग कशी लागेल, हे ठरवतो शाखाधिकारी. तो दिसत नाही, पण तो नसेल तर शाखेचा मासळीबाजार होतो. संगणकाच्या आत हे काम प्रणाली करते. विंडोज हा असा एक शाखाधिकारी आहे. तो एकमेव मात्र नाही.

दुसरा आहे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जाहीर केले की आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला होता. तिचे पुष्कळसे अवयव तयार होते; गाभा तेवढा अपुरा होता. टोरवाल्ड्सचा गाभा आणि स्टॉलमन यांच्या चळवळीचे अवयव एकत्र आले. त्यातून जी प्रणाली उभी राहिली ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिची संहिता कुणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, याची मुभा परवान्यातच लिहिलेली आहे. जगातल्या अव्वल ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतो. आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन? त्याचाही गाभा लिनक्सच आहे. म्हणजे 'आम्हाला लिनक्स कसे जमणार' असे विचारणारा माणूस तो प्रश्न बहुधा लिनक्सवरूनच विचारत असतो!

आम्हा बँकवाल्यांना तर हे नाव परके वाटायला नको. संगणक नको म्हणून एके काळी आमच्या संघटनांनी आंदोलने केली. मग १९८३, १९८७ आणि १९९३ चे करार झाले आणि यंत्रे एकेक पावलाने शाखेत शिरली. आधी लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पुढे माझ्या शाखेत कोपऱ्यात एक मुख्य संगणक आणि काउंटरवर काळ्या पडद्यांचे टर्मिनल आले. त्यावर चालायची ती युनिक्स कुळातली प्रणाली. माऊस नाही, चित्रे नाहीत. हुकूम टंकायचा आणि उत्तराची वाट पाहायची. चाळिशीतले कारकून, ज्यांनी आयुष्यभर टाकाने खतावणी केली, ते सहा महिन्यांत त्यावर दिवसअखेरचा ताळा मिळवू लागले. लिनक्स हे त्याच युनिक्सच्या धर्तीवर लिहिले गेले. तेव्हाच्या कारकुनांना जे जमले ते आजच्या बारावीच्या मुलीला जमणार नाही, असे मानायला मी तयार नाही. आणि आता तर काळा पडदाही राहिलेला नाही. माऊस आहे, चित्रे आहेत, खालच्या कोपऱ्यात मेनूचे बटण आहे.

गेल्या हिवाळ्यात सालेकसा तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरातली मुलगी माझ्याकडे संगणक घेऊन आली. गोंदियाच्या कॉलेजात शिकते, रोज गाडीने ये-जा करते. आठ हजारांना घेतलेला जुना डेस्कटॉप. सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी मेमरी. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की चूल पेटवून चहा व्हावा. 'काका, दुकानवाला म्हणते हा आता फेकून द्या, अन् नवा घ्या,' ती म्हणाली. 'बाबाला कसं सांगू?' तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा अपराधीपणा जास्त होता, जणू यंत्र तिच्यामुळेच म्हातारे झाले होते.

आम्ही दोघांनी मिळून त्यावर 'लिनक्स मिंट' बसवले. २००६ पासून चालत आलेली ही लिनक्सची एक सोपी आवृत्ती. तिच्यातही 'एक्सएफसीई' नावाचा हलका अवतार आहे, तो कमी मेमरीच्या यंत्रांना मानवतो. ज्यांना हे स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. यात जादू नाही. प्रथम आपल्या सगळ्या फायली, फोटो, मार्कशीट दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि त्या तिथे उघडतात की नाही हे तपासा. हे झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका. मग चालत्या संगणकावर मिंटच्या अधिकृत ठिकाणाहून प्रणालीची फाईल उतरवा. तीन जीबीच्या आसपास भरते. ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून भागत नाही, त्यासाठी फुकट मिळणारी छोटी साधने आहेत. पेनड्राइव्ह जुन्या संगणकाला लावून तो सुरू करताना एफ-१२, एफ-२ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करायला सांगा.

आता या प्रणालीची सगळ्यात मोठी सोय पाहा. ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालून दाखवते. डिस्कवरच्या एकाही अक्षराला हात न लावता वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे तपासता येते. लग्नाआधी मुलगी पाहायला जावे तसे नाही, तर महिनाभर शेजारी राहून पाहावे तसे! पटले तर 'इन्स्टॉल' म्हणायचे, नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, संगणक पूर्वीसारखाच. आम्ही अर्धा-पाऊण तास तपासले आणि मग बसवले. काही दिवसांनी तिने जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच करावा. वेगातला फरक डोळ्यांना दिसतो. तिने बसवलेली मिंटची २२ नंबरची मालिका २०२९ पर्यंत देखभालीत आहे. म्हणजे तिचे पदवीचे शिक्षण पूर्ण होऊन वर एक-दोन वर्षे उरतील.

इतके सांगून थांबलो तर ती जाहिरात होईल. अडचणी आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत.

गोंदियाच्या जुन्या लोकांना छोटी लाईन आठवते. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी नॅरोगेज. तिचे रूपांतर मोठ्या लाईनीत झाले तेव्हा स्टेशने बरीचशी तीच राहिली, गावे तीच राहिली, प्रवासीही तेच. पण छोट्या लाईनीचा डबा मोठ्या रुळांवर चढवता येईना. त्याची चाके त्या अंतराची नव्हतीच. प्रणाली बदलणे म्हणजे असे रुळांतले अंतर बदलणे. विंडोजसाठी बनलेले कित्येक कार्यक्रम लिनक्सवर जसेच्या तसे धावत नाहीत. राईस मिलच्या मुनिमाचे सारे खाते 'टॅली'त असेल तर त्याला मी प्रणाली बदलण्याचा सल्ला देणार नाही. टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे आणि व्यापाराशी खेळ करू नये. ज्याला रोज डिजिटल सहीच्या टोकनने कागद पाठवावे लागतात त्याने आपले टोकन आधी तपासून पाहावे. एखादा जुना प्रिंटर हटवादीपणा करील. अशांनी मुदतवाढ घ्यावी, पैसे साठवावेत आणि वेळेत नवे यंत्र घ्यावे. पण पत्र लिहिणे, अभ्यास, व्याख्याने पाहणे, अर्ज भरणे, हिशेबाचा साधा तक्ता करणे, एवढेच ज्यांचे काम आहे, आणि असे घर दर गल्लीत आहे, त्यांना नव्या रुळांवर अडचण नाही.

मराठी लिहिणाऱ्यांची एक अडचण मात्र खास आपली आहे. आपल्या भागात टंकलेखनाच्या दुकानांतून 'कृतिदेव' फॉन्ट रुजला. वृत्तपत्रे-छापखान्यांत 'श्रीलिपी', 'आकृती' आले. या जुन्या फॉन्टांची रीत सोंगाड्याची. तुम्ही कृतिदेवमध्ये 'काम' असे लिहिता तेव्हा यंत्राच्या पोटात जातात ती 'डी', 'के', 'ई' ही तीन इंग्रजी अक्षरे. वरून मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. मुखवटा म्हणजे फॉन्ट. तो नव्या प्रणालीवर नसला की सोंग उतरते आणि तुमच्या आजीची आठवण, बापाचा मृत्युलेख, संस्थेचा तीस वर्षांचा इतिवृत्तान्त इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन समोर येतो. यावर उपाय युनिकोडचा. १९९१ पासून विकसित होत गेलेल्या या पद्धतीत 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही देशात. म्हणून प्रणाली बदलायच्या आधी जुने लेखन युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी रूपांतराची साधने मिळतात. पुढचे सगळे युनिकोडमध्येच लिहा. लिनक्सवर देवनागरीचे फॉन्ट आहेत, आणि भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलकही आहे. विंडोजवर ज्या 'मंगल' फॉन्टने आपल्याला वर्षानुवर्षे मराठी दाखवले तो र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराच्या हातचा; आणि लिनक्सवर रुळलेली 'लोहित' ही फॉन्टमाला पुण्याच्या रेड हॅटमधल्या मंडळींनी जोपासली. आपली अक्षरे दोन्ही घरी आहेत. आपण फक्त मुखवटे सोडायला हवेत.

आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. व्यक्तीने आपला संगणक सावरला हे चांगले. पण शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती यांचे काय? केरळने या प्रश्नाला २००० नंतरच्या दशकातच उत्तर दिले. तिथल्या सरकारी शाळांचा संगणक-प्रकल्प टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीवर गेला, पाठ्यपुस्तके तिच्यावर लिहिली गेली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, आणि शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार झाली. तिथल्या मुलांच्या एका पिढीने शाळेत शिकलेला संगणक हा लिनक्सचा होता. आपल्या देशातही साधने कमी नाहीत. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर 'परम' बनवणारी सी-डॅक ही संस्था पुण्यात १९८८ मध्ये उभी राहिली; तिनेच २००७ मध्ये भारतीय भाषांसह चालणारी 'बॉस' ही लिनक्स आवृत्ती आणली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त संहितेला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण दिल्लीत आहे, साधन पुण्यात आहे. सालेकशाच्या शाळेत मात्र दोन्ही पोचवणारा माणूस नाही.

माणूस म्हणतो ते उगीच नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये पालिकेचे संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले. आणि २०१७ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांच्या काळात विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला! उलट त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताने २०२४ मध्ये आपले ३०,००० संगणक मुक्त प्रणालीकडे नेण्याचे जाहीर केले. यावरून मी एवढाच धडा घेतो की प्रणाली बसवणे हे एका दुपारचे काम आहे, ती टिकवणे हे माणसांचे काम आहे. अडले की विचारायला शेजारी कुणी हवे. गोंदियात विंडोजचे अडले तर दर कोपऱ्यावर एक 'फॉरमॅट मारणारा' पोरगा भेटतो. लिनक्सचे अडले तर? हा खरा अडसर आहे, आणि तो पैशाने नव्हे तर सवयीने दूर होणारा आहे.

एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काही शिक्षक म्हणतात, 'शहरातल्या मुलांना विंडोज, आणि आमच्या आदिवासी मुलांना ही फुकटची प्रणाली? उद्या नोकरीच्या ठिकाणी त्यांना वर्ड-एक्सेलच विचारणार ना!' या प्रश्नामागचा राग खरा आहे. गरिबाला नेहमी दुय्यम वस्तूच दिली जाते हा आपला अनुभव आहे. पण वस्तू दुय्यम आहे का, हे आधी पाहावे. महासंगणकांपासून फोनपर्यंत जी प्रणाली चालते ती दुय्यम कशी? 'लिबर ऑफिस'मध्ये बेरजेचे सूत्र शिकलेल्या मुलाला एक्सेलमध्ये बेरीज करायला फार तर दोन दिवस जास्त लागतील. ज्याने एकाच कंपनीच्या बटणांची जागा पाठ केली आहे तो, बटणे हलली की अडतो; ज्याने काम समजून घेतले आहे तो अडत नाही. तरीही ज्यांना नोकरीच्या परीक्षेसाठी विंडोज आवश्यक आहे त्यांच्यासाठी शाळेत दोन नवे संगणक ठेवावेत. पण त्या दोन संगणकांपायी बाकीचे दहा धूळ खात का पडावेत? दुय्यम वागणूक म्हणजे मुलाला लिनक्स देणे नव्हे. कुलूप लावलेल्या खोलीतल्या बंद संगणकाचा फोटो अहवालात लावणे, ही दुय्यम वागणूक.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. जिल्ह्यातल्या ज्या कचेऱ्या, बँका, कारखाने आपले संगणक बदलत आहेत त्यांनी ते सरसकट भंगारात घालण्याआधी चालते आणि बिघडलेले वेगळे काढावेत. चालते संगणक देताना डिस्कवरची माहिती पूर्ण पुसावी. नुसते 'डिलीट' करणे म्हणजे लेजरचे पान न फाडता अनुक्रमणिका फाडणे. गिऱ्हाइकाची माहिती ही गिऱ्हाइकाची ठेव आहे, आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन रविवार द्यावेत. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटके रंगतात. सारा गाव जमलेला असतो. तिथेच एक टेबल टाकावे, दोन पेनड्राइव्ह ठेवावेत आणि ज्याला हवे त्याचा संगणक दाखवून, समजावून, त्याच्या संमतीने बदलून द्यावा. पुढे अडल्यास विचारायला गावातल्याच एका मुलाचे किंवा मुलीचे नाव फळ्यावर लिहावे. सार्वजनिक वाचनालयांनी एक कोपरा द्यावा. आणि दुकानदारांनी गिऱ्हाइकाला खरे सांगावे, 'या यंत्राला ११ बसत नाही. पण लिनक्स बसते, मजुरी इतकी.' मजुरी घ्यायला काहीच हरकत नाही. प्रणाली फुकट असली तरी बसवणाऱ्याचा वेळ फुकट नसतो.

आणि जे यंत्र खरेच संपले आहे ते अंगणात जाळू नका, कबाडीवाल्याच्या हवाली करून मोकळे होऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. बाकीच्यातले शिसे आणि पारा कुठे तरी जमिनीत उतरणारच. आपल्या जिल्ह्याची शेती मामा तलावांच्या पाण्यावर उभी आहे. सारस पक्षी त्याच धानाच्या बांध्यांत घरटे करतात. एका संगणकाचे आयुष्य चार वर्षांनी वाढले तर तेवढा कचरा चार वर्षे लांबतो, आणि नवे यंत्र बनवायला लागणारे खाणकामही.

मायक्रोसॉफ्टशी माझे भांडण नाही. दहा वर्षे एखाद्या प्रणालीची देखभाल करणे ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि कोणत्याही कंपनीने ती जन्मभर करावी अशी अपेक्षा धरता येत नाही. आपली सेवा कधी संपते हे सांगण्याचा अधिकार कंपनीचा आहे. पण माझ्या टेबलावरचे यंत्र कधी संपते, हे सांगण्याचा अधिकार तिचा नाही. मोल मोजून घेतलेल्या वस्तूवर शेवटचा शब्द घेणाऱ्याचा असावा, आणि तो शब्द उच्चारता येण्यासाठी लागणारे ज्ञान त्याच्याजवळ असावे. नाही तर मालकी फक्त पावतीवर उरते. तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत एखादा संगणक कापड टाकून झाकून ठेवलेला असेल, तर येत्या रविवारी ते कापड काढा. एक पेनड्राइव्ह आणा. आणि 'बाद' हा शेरा मारण्यापूर्वी त्या यंत्राला एकदा विचारून तर पाहा.